लिहिलं कामगारांसाठी, कायदा झाला मांसाचा : अप्टन सिंक्लेअर यांची गोष्ट

१५ डिसेंबर १९६७. अमेरिकेच्या व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन एका कायद्यावर सही करणार होते. जमलेल्या पाहुण्यांमध्ये व्हीलचेअरवर बसलेले ८९ वर्षांचे एक आजोबा होते. कायदा होता मांसाच्या तपासणीचा. पण हे आजोबा ना पशुवैद्य होते, ना खासदार, ना मांसाच्या धंद्यातले कुणी. ते लेखक होते. ६१ वर्षांपूर्वी आलेल्या त्यांच्या एका कादंबरीमुळे अमेरिकेत मांस तपासणीचा मोठा कायदा आला होता, म्हणून त्यांना खास बोलावणं होतं.

त्यांचं नाव अप्टन सिंक्लेअर आणि कादंबरीचं नाव ‘द जंगल’.

गंमत अशी, की ही कादंबरी मांसाबद्दल नव्हतीच. ती होती कत्तलखान्यात राबणाऱ्या माणसांबद्दल. लोकांनी मात्र त्यातली मांसाची पानं वाचली आणि माणसांची बाजूला ठेवली. याची खंत सिंक्लेअर यांना आयुष्यभर राहिली.

एक पाय गरिबीत, एक श्रीमंतीत

अप्टन सिंक्लेअर यांचा जन्म २० सप्टेंबर १८७८ चा, मेरीलँड राज्यातल्या बाल्टिमोर शहरातला. वडील दारूचे विक्रेते. विकता विकता स्वतःच दारूच्या आहारी गेलेले. आई अगदी उलट, शिस्तीची आणि धार्मिक. ती दारू सोडाच, चहा-कॉफीलाही हात लावायची नाही.

वडिलांच्या व्यसनामुळे घरात पैसा टिकायचा नाही. कुटुंब भाड्याच्या स्वस्त, ढेकणांनी भरलेल्या खोल्यांमधून फिरायचं. पण आईचं माहेर श्रीमंत होतं. त्यामुळे छोटा अप्टन आज ढेकणांच्या खोलीत, तर उद्या आजोळच्या मऊ गादीवर असा वाढला. एकाच घरातल्या काही माणसांकडे इतकं आणि काहींकडे काहीच नाही, असं का? हा प्रश्न त्याला तेव्हा पडला आणि पुढे कधी सुटलाच नाही.

कुटुंब न्यूयॉर्कला आलं. चौदावं वर्ष पूर्ण व्हायच्या आतच त्याला तिथल्या सिटी कॉलेजात प्रवेश मिळाला. फी भरायला तो मासिकांना विनोद आणि मुलांसाठी साहसकथा लिहून विकायचा. पुढे कोलंबिया विद्यापीठात गेला, तिथेही खर्च लेखणीवरच चालला.

१९०० मध्ये मेटा फुलर यांच्याशी लग्न झालं, पुढच्या वर्षी मुलगा झाला. तोवर सिंक्लेअर यांनी पोटापाण्याचं लिखाण सोडून गंभीर कादंबऱ्या लिहायला घेतल्या होत्या. त्या चालल्या नाहीत. घरात पुन्हा तीच ओढाताण. याच काळात ते समाजवादी विचारांकडे वळले.

शिकागो, १९०४

आता थोडं शिकागोबद्दल. १८६५ मध्ये तिथे ‘युनियन स्टॉक यार्ड्स’ नावाचा जनावरांचा प्रचंड बाजार सुरू झाला. देशभरातून रेल्वेनं गुरं, डुकरं, मेंढ्या यायच्या आणि शेजारच्या कारखान्यांत त्यांचं मांस, सॉसेज, डबाबंद पदार्थ, चरबी, साबण, खत असं सगळं तयार व्हायचं. या भागाला लोक पॅकिंगटाउन म्हणायचे.

इथली कामाची पद्धत त्या काळाच्या पुढची होती. मेलेलं जनावर वरच्या रुळाला उलटं टांगलेलं असायचं आणि पुढे सरकत जायचं. प्रत्येक कामगार एकाच जागी उभा राहून एकच काप घ्यायचा. हेन्री फोर्ड यांना मोटारीच्या असेंब्ली लाइनची कल्पना सुचली ती शिकागोच्या याच पद्धतीवरून. फरक इतकाच की फोर्ड यांच्याकडे वस्तू जोडली जायची आणि इथे सुटी व्हायची.

वेग मालकाच्या हातात होता. काम करणारे बहुतेक पूर्व युरोपातून आलेले, इंग्रजी न येणारे, मिळेल त्या पगारावर तयार असलेले लोक. १९०४ च्या उन्हाळ्यात मांस कामगारांच्या युनियननं मोठा संप केला. मालकांनी बाहेरून माणसं आणली आणि संप मोडला.

कॅन्ससमधून ‘अपील टू रीझन’ नावाचं समाजवादी साप्ताहिक निघायचं. त्याचे संपादक फ्रेड वॉरन यांनी सिंक्लेअर यांच्यापुढे प्रस्ताव ठेवला : या कामगारांवर कादंबरी लिहा, आम्ही छापू. त्यासाठी ५०० डॉलर आगाऊ दिले. २६ वर्षांचे सिंक्लेअर शिकागोला पोहोचले आणि सात आठवडे तिथे राहिले.

आत शिरायला त्यांनी साधी युक्ती केली. जुने कपडे घालायचे आणि हातात जेवणाचा डबा धरायचा. डबा दिसला की कामगारच असणार, असं समजून कुणी अडवायचं नाही. दिवसभर ते कारखान्यांत फिरायचे आणि संध्याकाळी कामगारांच्या घरी जाऊन बसायचे. डॉक्टर, वकील, पोलीस, दारूच्या गुत्त्याचे मालक, अंत्यसंस्काराचं सामान विकणारे अशा सगळ्यांशी बोलायचे. तिथेच त्यांची भेट ॲडॉल्फ स्मिथ यांच्याशी झाली. ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकासाठी ते याच कारखान्यांवर लिहीत होते. युरोपातले सार्वजनिक कत्तलखाने किती स्वच्छ असतात आणि इथे काय चाललंय, यातला फरक सिंक्लेअर यांना स्मिथ यांच्याकडून कळला.

माहिती जमली होती, पण गोष्ट सापडत नव्हती. एका रविवारी गुत्त्याच्या मागच्या खोलीत लिथुआनियन कामगारांच्या लग्नाची मेजवानी चालली होती. सिंक्लेअर आत जाऊन भिंतीला टेकून बसले आणि रात्रीपर्यंत बघत राहिले. त्या वऱ्हाडातच त्यांना कादंबरीतली माणसं भेटली.

कादंबरीत होतं काय?

न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनजवळ एका लाकडी झोपडीत त्यांनी १९०४ च्या नाताळच्या दिवशी लिहायला सुरुवात केली. फेब्रुवारी १९०५ पासून कादंबरी साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली.

नायक युर्गिस रुडकस हा लिथुआनियातून आलेला तगडा तरुण. कष्ट केले की सगळं नीट होतं, यावर त्याचा विश्वास. मग एकेक घाव पडत जातो. म्हातारे वडील लोणच्याच्या तळघरात काम करून छातीच्या आजारानं जातात. कामावर जखमी झालेल्या युर्गिसची नोकरी जाते. घराच्या हप्त्यांत फसवणूक होते. पत्नी बाळंतपणात जाते, लहानगा मुलगा रस्त्यावरच्या साचलेल्या पाण्यात बुडून मरतो.

या सगळ्यात मांसाचं वर्णन मोजक्या पानांचं. पण ती पानं भयंकर होती. सडलेलं मांस रसायनं लावून पुन्हा वापरणं, मांसाच्या ढिगांवर उंदरांची लेंडी, उंदरांसाठी ठेवलेला विषारी पाव आणि मेलेले उंदीरसुद्धा त्याच ढिगातून यंत्रात जाणं. एक प्रसंग तर तपासणीचाच आहे. डुकराच्या मानेतल्या गाठी चाचपून क्षयरोग ओळखायचं काम सरकारी निरीक्षकाकडे असतं. पण तो पाहुण्यांशी गप्पा मारत उभा राहतो आणि तोवर डझनभर डुकरं हात न लागताच पुढे जातात.

ही कादंबरी होती, त्यामुळे तिच्यातली प्रत्येक गोष्ट सिद्ध झालेली नाही. कामगार चरबीच्या उकळत्या टाक्यांत पडतात आणि त्यांच्यासकट चरबी बाजारात जाते, हा सगळ्यात गाजलेला भाग पुढच्या सरकारी चौकशीत कधीच सिद्ध झाला नाही.

पुस्तक छापायला आधी पाच प्रकाशकांनी नकार दिला. डबलडे, पेज या कंपनीनं मात्र आपला वकील शिकागोला पाठवून खातरजमा केली आणि फेब्रुवारी १९०६ मध्ये ‘द जंगल’ पुस्तकरूपात आलं. बघता बघता ते देशभर पोहोचलं आणि परदेशी भाषांमध्येही गेलं. अमेरिकन डबाबंद मांसाची मागणी घसरू लागली.

राष्ट्राध्यक्षांनी चौकशी लावली

तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते थिओडोर रूझवेल्ट. त्यांना सिंक्लेअर यांचा समाजवाद अजिबात पटत नव्हता. पण खराब मांसाचा विषय त्यांना नवा नव्हता. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात ते स्वतः लढले होते आणि सैनिकांना मिळालेल्या निकृष्ट मांसाचा घोटाळा त्यांनी जवळून पाहिला होता.

आधी कृषी खात्यानं आपल्याच निरीक्षकांच्या कामाची चौकशी केली आणि फारसं काही चुकीचं नाही असा निष्कर्ष काढला. रूझवेल्ट यांनी एप्रिलमध्ये सिंक्लेअर यांना व्हाइट हाउसमध्ये भेटीला बोलावलं. खात्याबाहेरची दोन माणसंही शिकागोला पाठवली : कामगार आयुक्त चार्ल्स नील आणि समाजसेवक जेम्स रेनॉल्ड्स.

साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. कारखानदारांनी आधीच साफसफाई उरकून घेतली. तरीही नील आणि रेनॉल्ड्स यांना जे दिसलं ते पुरेसं होतं. घाणेरड्या लाकडी जमिनीवरून फावड्यानं उचललं जाणारं मांस, कामाच्या जागेला लागून असलेले संडास, हात धुवायला सोय नाही. एक नुकतंच साफ केलेलं डुक्कर रुळावरून खाली पडून घसरत अर्धवट संडासात गेलं. दोघांनी ते उचललं आणि न धुताच इतर मांसाशेजारी टांगलं. हे चौकशी करणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत झालं.

४ जून १९०६ रोजी हा अहवाल संसदेपुढे आला. सिनेटर अल्बर्ट बेव्हरिज यांनी कायद्याचा मसुदा आधीच मांडला होता. ३० जूनला रूझवेल्ट यांनी मांस तपासणी कायद्यावर सही केली. त्याच दिवशी अन्न आणि औषधांतली भेसळ रोखणाऱ्या कायद्यावरही सही झाली. पुस्तक आल्यापासून अवघे चार महिने झाले होते.

कायद्यात काय आलं आणि काय राहिलं?

या कायद्याची चौकट आजही ओळखीची वाटेल :

- कापण्याआधी जिवंत जनावराची तपासणी. आजारी वाटलं तर ते वेगळं काढायचं.
- कापल्यावर प्रत्येक धडाची आणि आतल्या अवयवांची तपासणी. चांगलं असेल तर शिक्का, नसेल तर निरीक्षकासमोर नष्ट करायचं.
- कारखान्याच्या स्वच्छतेचे नियम आणि खरं सांगणारं लेबल.
- रात्रीची कत्तल असेल तर तपासणीही रात्री.
- निरीक्षकाला लाच देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही तुरुंगवास.

पण बेव्हरिज यांच्या मसुद्यातल्या दोन गोष्टी गळाल्या. डब्यावर तारीख छापायचं बंधन आलं नाही. तपासणीचा खर्च कारखानदारांनी द्यावा ही अटही गेली. त्याऐवजी सरकारी तिजोरीतून वर्षाला ३० लाख डॉलर ठरले. यामुळे मोठ्या कंपन्यांचा विरोध मावळला. सरकारी शिक्का फुकटात मिळाला तर गेलेलं गिऱ्हाईक परत येईल, हे त्यांनी ओळखलं होतं. सिंक्लेअर नाराज होते ते याच मुद्द्यावर. कत्तलखाने युरोपातल्यासारखे नगरपालिकांनी चालवावेत, असं त्यांचं मत होतं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कायद्यात कामगारांसाठी काहीही नव्हतं. ना पगार, ना कामाचे तास, ना अपघाताची भरपाई. ज्या माणसांसाठी पुस्तक लिहिलं, त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशीचा भोंगा पहिल्यासारखाच वाजला.

पुढची ६० वर्षं

पुस्तकातून आलेल्या पैशांतून सिंक्लेअर यांनी न्यू जर्सीत ‘हेलिकॉन हॉल’ नावाची सामूहिक वसाहत उभी केली. काही महिन्यांतच, मार्च १९०७ मध्ये, ती आगीत जळाली. पहिलं लग्न मोडलं. १९१३ मध्ये मेरी क्रेग किम्ब्रो यांच्याशी दुसरं लग्न झालं आणि पुढे ते कॅलिफोर्नियात स्थायिक झाले.

लेखणी थांबली नाही. कोळसा खाणींवर ‘किंग कोल’, तेलाच्या धंद्यावर ‘ऑइल!’, वृत्तपत्रांवर ‘द ब्रास चेक’. एकूण पुस्तकांची संख्या नव्वदच्या घरात गेली. १९३४ मध्ये, मंदीच्या काळात, ते डेमोक्रॅटिक पक्षाकडून कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाला उभे राहिले. गरिबी संपवण्याचा कार्यक्रम घेऊन लढले, साडेआठ लाखांहून जास्त मतं मिळवली आणि हरले. १९४३ मध्ये ‘ड्रॅगन्स टीथ’ या कादंबरीला पुलित्झर पुरस्कार मिळाला. तरी लोकांच्या लेखी ते ‘द जंगल’वालेच राहिले.

आणि चिकनचं काय?

१९०६ च्या कायद्यात कोंबडी नव्हती. तेव्हा कोंबड्या बहुतेक घरच्या परसात किंवा जवळच्या बाजारात कापल्या जायच्या. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कापून, साफ करून विकल्या जाणाऱ्या चिकनचा मोठा धंदा उभा राहिला, पण सक्तीची सरकारी तपासणी नव्हती.

ती मागणी लावून धरणाऱ्यांमध्ये कोण होतं माहितीये? १९०४ मध्ये जिचा संप मोडला होता, तीच मांस कामगारांची युनियन. पक्ष्यांकडून माणसांना होणाऱ्या एका श्वसनविकारानं पोल्ट्री कारखान्यांतले कामगार आजारी पडत होते. जी कोंबडी कापताना कामगाराला आजार होतो, ती ग्राहकाच्या ताटात कशी चालेल, असा युनियनचा मुद्दा होता. १९५७ मध्ये पोल्ट्री तपासणीचा कायदा झाला.

एक फट तरीही उरली. जे मांस राज्याबाहेर जात नाही, त्याला केंद्राचे नियम लागू नव्हते. पत्रकार निक कोट्झ यांनी अशा कारखान्यांतली घाण बातम्यांतून उघड केली आणि १९६७ चा कायदा आला. व्हीलचेअरवरून सिंक्लेअर यांनी पाहिलेली सही ती हीच. वर्षभरानं, २५ नोव्हेंबर १९६८ रोजी, न्यू जर्सीत त्यांचं निधन झालं.

कामाच्या जागी सुरक्षितता हवी असं सांगणारा देशव्यापी कायदा अमेरिकेत डिसेंबर १९७० मध्ये झाला. म्हणजे खाणाऱ्यांचा कायदा चार महिन्यांत आला. राबणाऱ्यांच्या सुरक्षेचा कायदा यायला ६४ वर्षं लागली आणि तो बघायला सिंक्लेअर नव्हते.

डोळ्यांना न दिसणारी घाण

सिंक्लेअर यांच्या काळातली तपासणी म्हणजे बघणं, हात लावणं आणि वास घेणं. क्षयाची गाठ त्यातून सापडते, जिवाणू सापडत नाहीत. १९९३ मध्ये अमेरिकेत एका फास्ट फूड साखळीचे नीट न शिजलेले बर्गर खाऊन ७०० हून जास्त लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. मांसावर सरकारी शिक्का होता. ई. कोलाय जिवाणू मात्र शिक्क्याला दिसत नाही.

त्यानंतर १९९६ मध्ये ‘हॅसप’ ही पद्धत मांस आणि पोल्ट्री कारखान्यांना सक्तीची झाली. ती मुळात अंतराळवीरांच्या जेवणासाठी तयार झाली होती. सोपं करून सांगायचं तर, शेवटी माल तपासण्याऐवजी धोका कुठे शिरू शकतो ते आधी शोधायचं. आतडी काढताना फुटली तर? धड वेळेत थंड झालं नाही तर? अशा प्रत्येक जागी मर्यादा ठरवायची, मोजायचं आणि नोंद ठेवायची. मग ऑडिटर येतो तो या नोंदी आणि प्रत्यक्ष काम जुळतंय का, हे बघायला.

पण जुना प्रश्न सुटलेला नाही. अमेरिकेतल्या नव्या पद्धतीच्या पोल्ट्री कारखान्यांत लाइनचा वेग मिनिटाला १४० कोंबड्या किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. सेकंदाला दोनाहून जास्त. तपासणाऱ्याला बघायला आणि कामगाराला सुरी नीट धुवायला किती वेळ मिळतो, याचा हिशेब तुम्हीच करा. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा खेटून काम करणाऱ्यांचे हेच कारखाने साथीची केंद्रं बनले.

आपल्याकडे २००१ चे कत्तलखान्यांचे नियम एका पशुवैद्याला तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासू देत नाहीत. म्हणजे कागदावर एका जनावराला पाच मिनिटं. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखालच्या नियमांत अन्न हाताळणाऱ्यांची दरवर्षी वैद्यकीय तपासणीही आहे. कागद चांगलाच आहे. पण ताप आला म्हणून सुट्टी घेतली आणि रोज बुडाला, तर कामगार ताप लपवणार आणि त्याच हातानं चिकन कापणार. ही नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये सापडणार नाही.

सिंक्लेअर यांच्या कादंबरीत मांस आणि माणूस एकाच छताखाली होते. कायद्यानं त्यातलं मांस उचललं. पुढच्या वेळी चिकनच्या पाकिटामागचा चौदा अंकी परवाना क्रमांक बघाल, तेव्हा तो जरूर बघा. आणि ते पाकीट भरणाऱ्या माणसाला आज हात धुवायला वेळ मिळाला असेल का, हेही एकदा मनात आणा.